राज्यप्राणी शेकरू : पार्श्वभूमी आणि ‘भीमाशंकरी’ शब्दाचा गुंता

सातारा-सांगलीतल्या जावळी, महाबळेश्वर, पाटण आणि शिराळा या तालुक्यांच्या डोंगरी पट्ट्यात शेकरू, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली मोठी भारतीय खार, पूर्वापार आहे. बामणोलीहून बोटीने वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला उतरून सदाहरित झाडीत शिरलं की वरून ‘चक्‌-चक्‌-चक्‌’ असा खणखणीत आवाज येतो, तो त्याचाच. तरीही राज्यप्राण्याचा विषय निघाला की नाव फक्त भीमाशंकरचं घेतलं जातं. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी तर ते पाठच करून घेतलं आहे.

या समजाची मुळं एका लॅटिन नावात आहेत. मोठ्या भारतीय खारीला ‘इंडिका’ हे नाव 1777 मध्ये मिळालं. पुढे 1831 मध्ये मुंबई इलाख्यातल्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पश्चिम घाटातल्या खारीचं स्वतंत्र वर्णन केलं आणि तिला माजी गव्हर्नरच्या नावावरून ‘एल्फिन्स्टोनी’ म्हटलं. महाबळेश्वरचा एल्फिन्स्टन पॉइंट ज्यांच्या नावाने आहे, तेच हे गव्हर्नर. नंतर ही वेगळी जाती नसून इंडिकाचीच उपजात मानली गेली. 1952 मध्ये अंगाचा आणि शेपटीचा रंग पाहून उपजातींची फेरमांडणी झाली. उपजाती चार, पाच की आठ, यावर अभ्यासकांचं एकमत कधीच नव्हतं. 2005 च्या जागतिक सस्तन प्राणी सूचीत चारच उपजाती आहेत आणि ‘एल्फिन्स्टोनी’ त्यात वेगळी न धरता ‘इंडिका’त मिळवलेली आहे.

आपल्याकडे मात्र ‘एल्फिन्स्टोनी म्हणजे भीमाशंकरी, आणि ती फक्त भीमाशंकरलाच’ असं सरसकट छापलं जातं. मराठी परिभाषा त्यात भर घालते. जुन्या कोशांत ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ म्हणजेच स्पीशीज. त्यामुळे ‘भीमाशंकरची दुर्मीळ प्रजाती’ या वाक्यातून जीनस, स्पीशीज किंवा उपजात असे तीन वेगळे अर्थ निघतात आणि कोयना-चांदोलीचं शेकरू वाचणाऱ्याला कुणी दुय्यम प्राणी वाटतं. बहुतेक याद्यांत राज्यप्राण्यापुढे ‘रटुफा इंडिका’ हे जातीचं नाव असतं, उपजातीचं नसतं. म्हणजे पाटणच्या रानातलं शेकरूही तितकंच राज्यप्राणी आहे. पश्चिम घाटातल्या 39 स्थळांना 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. भीमाशंकर त्यात नाही, हेही लक्षात ठेवावं.

दुसरा घोळ शेकरूला ‘उडणारी खार’ समजण्याचा. उडणारी खार निशाचर, पुढच्या-मागच्या पायांमधला कातडीचा पडदा ताणून तरंगते. शेकरू दिवसा वावरतं, त्याला पडदा नसतो, ते उडी मारतं. वजन दीड ते दोन किलो, शेपूट अंगापेक्षा लांब. मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकतं आणि पुढच्या दोन्ही हातांत जांभूळ किंवा उंबर धरून खातं. त्या वेळी शेपटीने तोल सांभाळला जातो.

त्याची उडी फार तर सहा मीटरची, आणि जमिनीवर ते क्वचितच उतरतं. जंगल टिकवताना हाच आकडा महत्त्वाचा. दोन पदरी घाटरस्त्याचा डांबरी भागच सात मीटर असतो. रस्त्यावर कमान धरणाऱ्या फांद्या तोडल्या की पलीकडची झाडी त्याच्यासाठी संपली. राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी, अंजनी, जांभूळ, हिरड्याच्या फांद्या छाटल्या जातात तेव्हाही तेच होतं. झाड उभं राहतं, मोजणीत ‘झाडं तेवढीच’ असं येतं, पण शेंड्याला शेंडा लागत नाही.

गणतीतही चूक होते. शेकरू काटक्या आणि पानांचं गोल घरटं उंच, बारीक फांद्यांच्या बेचक्यात बांधतं आणि एकच शेकरू अनेक घरटी वापरतं. घरट्यांची संख्या म्हणजे शेकरांची संख्या असं लिहिलं की आकडा काही पटीने फुगतो. हिरव्या पानांचं घरटं चालू, वाळून विस्कटलेलं सोडलेलं, असे दोन रकाने आधी वेगळे करावे लागतात. प्रत्यक्ष प्राणी सकाळी किंवा दुपार कलल्यावर मोजावेत. भर दुपारी ते फांदीवर पसरून पडलेलं असतं आणि नजरेतून सुटतं.

राज्य प्रतीकांची यादी अलीकडे वाढत गेली. 2015 मध्ये ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू झालं. असं फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. 2020 मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवन वृक्ष ठरला, 2023 मध्ये पापलेट राज्य मासा. प्रतीक ठरल्याने कायद्याचं वेगळं कवच मात्र मिळत नाही. शेकरूला संरक्षण आहे ते 1972 च्या वन्यजीव कायद्याने, आणि तो कायदा भीमाशंकरइतकाच शिराळ्याच्या डोंगरातही लागू आहे.