पीडीएफ ग्रुपवर आली म्हणजे अभ्यास झाला का?

पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांत सेमिस्टर अर्धं झालं की सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, ग्रुपवर युनिट दोनची पीपीटी टाकतो, धडाधड थम्सअप पडतात आणि मग ती फाईल फोनमध्ये तशीच पडून राहते ते थेट इन-सेमच्या, म्हणजे सेमिस्टरमधल्या परीक्षेच्या, आदल्या रात्रीपर्यंत. त्या रात्री मात्र ती चार-पाच वेळा वाचली जाते आणि वाचता वाचता वाटायला लागतं की अरे, हे तर येतंय की आपल्याला!

हे जे "येतंय" वाटतं ना, ते बऱ्याचदा फसवं असतं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक साधाच पण भारी प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला, एका गटाने चार सत्रं नुसता तो वाचला, दुसऱ्या गटाने एकच सत्र वाचला आणि उरलेली तीन सत्रं उतारा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे, 83 टक्के विरुद्ध 71. पण आठवड्याने परत तपासलं तर वाचणारे 40 वर घसरलेले आणि आठवून लिहिणारे 61 वर. गंमत म्हणजे आपल्याला पुढेही चांगलं आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता!

कारण असं की पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच आठवणं अशी आपली समजूत होते. पेपरात तर समोर काहीच नसतं, शून्यातून बाहेर काढावं लागतं, आणि त्याची प्रॅक्टिस वाचून होत नाही, आठवायचा प्रयत्न करूनच होते. (विसरण्याचं हे गणित जुनंच आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख 1885 साली मांडला, आपलं फर्ग्युसन सुरू झालं तेच वर्ष.)

तर माझं म्हणणं एवढंच की वर्गात कुठलंही ॲप, बोर्ड, पोर्टल आणायच्या आधी बघा की त्यामुळे मुलाच्या डोक्याला काम लागतंय की त्याचं काम कमी होतंय. पीपीटी पाठवणं हे बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात मोडतं.

पहिल्या प्रकारचं उदाहरण म्हणजे हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी 1990 च्या दशकात रुळवलेली पद्धत. समजा एफवायच्या फिजिक्सच्या वर्गात सरांनी प्रोजेक्टरवर प्रश्न टाकला, चेंडू सरळ वर फेकलाय, अगदी टोकाला पोचलाय त्या क्षणी त्याचं ॲक्सेलरेशन किती? मुलं क्यूआर स्कॅन करून फोनवरून उत्तर देतात. बरेच जण "शून्य" दाबतात, कारण तिथे वेग शून्य असतो हे पाठ आहे. आता इथेच खरी गोम आहे, सरांनी बार चार्ट लगेच दाखवायचा नाही! दाखवला की सगळे मोठ्या बारकडे झुकतात आणि विचार थांबतो. त्याऐवजी सांगायचं की शेजारच्याला पटवा. मग बेंचवर वाद सुरू होतो, "अरे ॲक्सेलरेशन पण शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकला नसता का, खाली कशाला आला असता?" दोन-तीन मिनिटांनी परत व्होटिंग घेतलं की बरोबर उत्तरं, म्हणजे खालच्या दिशेने 9.8, चांगलीच वाढलेली दिसतात. पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के बरोबर असतील तर ही चर्चा सगळ्यात जास्त फळते. त्याहून कमी असतील तर सरांनी आधी परत समजवावं, जास्त असतील तर सरळ पुढे जावं.

लॅपटॉपचं सांगायचं तर कॅनडात 2013 च्या एका प्रयोगात लेक्चर चालू असताना दुसऱ्याच्या स्क्रीनवर भलतंसलतं दिसत होतं अशा मुलांना टेस्टमध्ये सरासरी 56 टक्के पडले, आणि असं काही समोर नसलेल्यांना 73. म्हणजे रील बघणारा एक आणि मार्क जाणार मागच्या बेंचवाल्याचे.

आणि आता एआय. तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये सुमारे 1000 मुलांवर गणिताचा प्रयोग झाला. ज्यांना साधा चॅटबॉट मिळाला त्यांनी सरावात 48 टक्के जास्त चांगलं केलं, पण चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली तर कधीच चॅटबॉट न मिळालेल्या मुलांपेक्षाही 17 टक्के वाईट. दुसऱ्या गटाला दिलेला बॉट मात्र शिक्षकांच्या मदतीने असा बांधला होता की तो थेट उत्तर न देता हिंट देई, तर सरावात हा गट खूपच पुढे गेला आणि परीक्षेतलं नुकसानही जवळपास गायब. पेठांतल्या वन-वेमधून रोज मॅप लावून जाणारा माणूस पोचतो बरोबर, पण फोन बंद पडला की शनिपारापाशीच उभा राहतो, तसंच हे. म्हणून असाइनमेंटला एआय बंद असं नुसतं फर्मान काढण्यापेक्षा टर्म वर्कचे मार्क ओरलवर जास्त ठेवणं मला पटतं, तुझ्याच फाईलमधली ही स्टेप इथे का आली ते सांग, बस.

आता या सगळ्यात महाग काय आहे तर चांगला प्रश्न. चुकीचे पर्यायसुद्धा असे लागतात की खरोखर चुकणारा मुलगा त्यांच्यावरच बोट ठेवेल, आणि ते सुचायला वर्षानुवर्षं पेपर तपासलेले असावे लागतात, शिवाय निवांत वेळ लागतो. ॲप फुकट मिळतं, नेटवर्क गेलं तर ए-बी-सी-डी लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डंही चालतात. पण तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मॅडमना घेतलेल्या लेक्चरचेच पैसे मिळतात, घरी बसून प्रश्न रचण्याचे नाहीत, आणि कॉलेजचं बजेट मात्र स्मार्ट बोर्डवर संपलेलं असतं.