माजी मॅनेजरविषयीचा जिव्हाळा (फुटबॉल)

फुटबॉल क्लबची जबाबदारी सोडून गेलेल्या मॅनेजरविषयी त्या क्लबच्या चाहत्यांच्या मनात टिकून राहणारा आदर व ऋणभाव. इंग्लंडच्या परंपरेत मॅनेजर हा नुसता सराव घेणारा प्रशिक्षक नसे. संघनिवड, डावपेच आणि बऱ्याच अंशी खेळाडूंची खरेदी-विक्रीही त्याच्याच हाती असल्यामुळे यशापयशाचा धनी तोच ठरे. मात्र पदावर असेपर्यंत त्याचे मोल गेल्या शनिवारच्या निकालावर ठरते आणि नावाआधी ‘माजी’ हा शब्द लागल्यावरच त्याची सारी कारकीर्द एका नजरेत पाहिली जाते. या जिव्हाळ्याला नेहमी उशीर होतो, तो यामुळे.

ॲलेक्स फर्ग्युसन यांनी १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडची सूत्रे घेतली. तीन वर्षे सबबीच ऐकतो आहोत, आता निघा, अशा आशयाचा फलक डिसेंबर १९८९ मध्ये त्यांच्याच मैदानावर एका चाहत्याने झळकावला होता. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा क्लबच्या खात्यावर त्यांच्या काळातील लीगची (इंग्लंडमधील सर्वोच्च साखळी स्पर्धेची) १३ विजेतेपदे जमा होती. (मैदानातील एका स्टँडला त्यांचे नाव आणि बाहेर त्यांचा पुतळा हे दोन्ही मान त्यांना पदावर असतानाच मिळाले, हा अपवादच.) आर्सेनलचे आर्सेन वेंगर यांचा प्रवास उलट दिशेने झाला. २००३-०४ च्या हंगामात लीगचे सर्व ३८ सामने अपराजित राहणाऱ्या या मॅनेजरने जावे म्हणून पुढे चाहत्यांनी निदर्शने केली, स्टेडियमवरून फलक लावलेली विमानेही फिरली. वेंगर २०१८ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये आर्सेनलच्या स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा उभा राहिला.

केवळ चषक मोजून या भावनेचा उलगडा होत नाही. ब्रायन क्लफ यांनी नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७९ व १९८० असा सलग दोनदा युरोपियन कप (युरोपातील क्लबांचा सर्वोच्च चषक) जिंकून दिला खरा. पण १९९३ मध्ये त्यांच्या अखेरच्या हंगामात संघ खालच्या श्रेणीत घसरला, तरी घरच्या मैदानावरील शेवटच्या सामन्यात प्रेक्षक त्यांच्याच नावाचा गजर करीत होते. नॉटिंगहॅम आणि डर्बी ही हाडवैरी शहरे, पण डर्बीलाही त्यांनी १९७२ मध्ये लीग जिंकून दिली होती. त्यामुळे दोन्ही शहरांना जोडणाऱ्या रस्त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. कोळशाच्या खाणीत काम केलेले बिल शँक्ली १९५९ मध्ये लिव्हरपूलला आले, तेव्हा हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. त्यांच्या पुतळ्याखाली विजेतेपदांची यादी नाही. या माणसाने लोकांना आनंद दिला, एवढ्याच अर्थाचे वाक्य आहे.

भारतात सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव या संदर्भात आधी घ्यावे लागते. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून मिळवलेल्या १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील सुवर्णपदकानंतर वर्षभरातच ते वारले, त्यामुळे त्यांच्या वाट्याला आलेला बराचसा गौरव मरणोत्तर आहे.

खानदेशात क्रिकेट आणि कुस्ती यांच्या मानाने फुटबॉलचा पसारा लहान आहे. जळगाव, धुळे, भुसावळ किंवा शहादा येथील चाहता परदेशी क्लबला ओळखतो तो टीव्ही आणि मोबाईलच्या पडद्यावरून. तरीही मॅनेजरविषयीचा आदर त्याला परका वाटत नाही, कारण त्याच्यासाठी घडवणाऱ्या माणसाचा नमुना तालमीतल्या वस्तादाच्या रूपाने आधीच तयार असतो. पठ्ठ्या कुस्ती हरला तरी वस्तादाच्या पाया पडूनच आखाड्याबाहेर येतो. फर्ग्युसन यांची ‘सर’ ही १९९९ मध्ये मिळालेली पदवी इंग्रजीत नावाआधी येते. येथे ‘सर’ म्हणजे शाळेतला मास्तर, म्हणून बोलताना ती सहज नावामागे जाते आणि ‘फर्ग्युसन सर’ होते. पदवीपेक्षा हा मान मोठा की लहान, हे ज्याने त्याने ठरवावे.

इंग्लंडमध्ये दुपारी तीनला सुरू होणारा सामना हिवाळ्यात येथे रात्री साडेआठला लागतो, आणि तोच हंगाम भरीत पार्टीचा. शेतात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात असताना बांधावर टेकवलेल्या मोबाईलभोवती चार-पाच जण बसलेले असतात. सध्याच्या मॅनेजरने उशिरा बदललेल्या खेळाडूवरून शिव्या सुरू होतात आणि वांग्यांची साले निघेपर्यंत गाडी हमखास जुन्या माणसावर येते. युर्गन क्लॉप यांनी २०२४ मध्ये लिव्हरपूल सोडले, तरी अशा बैठकीत त्यांचा विषय निघाला की अहिराणी बोलणारा एखादा गडी ‘तो आम्हनाच शे’ (तो आमचाच आहे) म्हणून मोकळा होतो. ‘होता’ हा शब्द तो वापरत नाही.