रानडेत एमए करायचंय? मग दाखल्यांच्या तारखा आत्ताच बघून ठेवा

पत्रकारितेत एमए म्हटलं की पुण्यात पहिलं नाव येतं रानडे इन्स्टिट्यूटचं, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा एफसी रोडवरचा पत्रकारिता विभाग. पात्रतेत फार काही नाही, कुठल्याही शाखेची पदवी चालते, बीकॉम-बीएस्सीवाल्यांनी उगाच बिचकू नका. विद्यापीठाच्या साईटवर ऑनलाइन फॉर्म, मग प्रवेश परीक्षा, मेरिट लिस्ट, कागदपत्रांची तपासणी.

पोरं अडकतात ती तपासणीच्या टेबलावर, परीक्षा चांगली गेलेली पोरंसुद्धा, आणि ते बघून खरंच जीव तुटतो.

सगळ्यात जास्त घोळ नॉन क्रिमीलेयरचा, म्हणजे घरचं उत्पन्न आरक्षणाच्या मर्यादेत आहे हे सांगणाऱ्या दाखल्याचा. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांना तो लागतो, एससी-एसटीला नाही. दाखला फेब्रुवारीत काढला म्हणजे वर्षभर चालेल असं सगळे धरून चालतात. अरे, खाली छोट्या अक्षरात '३१ मार्चपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं, ते साल नीट वाचा! काहींना तीन वर्षांचा मिळतो, काहींना एकाच वर्षाचा, आणि एकाच वर्षाचा असेल तर ॲडमिशनच्या वेळी तो कधीच संपलेला असतो. मग सेतू केंद्रात रांग, सर्व्हर डाऊन, साहेब मीटिंगला, आणि इकडे लिस्ट पुढे सरकते. एप्रिल लागला की नव्या दाखल्यासाठी लगेच अर्ज करा. ईडब्ल्यूएसचंही (खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांचा दाखला) तसंच, दरवर्षी नवा काढायचा, आणि केंद्राच्या नमुन्यातला इथे चालत नाही, राज्याचा पाहिजे.

दुसरी अडचण मायग्रेशनची. मुंबई, कोल्हापूर, नागपूर, गोवा कुठूनही पदवी घेतली असेल तर तुमच्या जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायला त्यांची हरकत नाही असा दाखला. हे आधीपासून कुणाकडेच नसतं कारण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. निकाल लागला की टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) घेताना त्याच फेरीत मायग्रेशनचाही अर्ज करून टाका, गावाकडून परत परत हेलपाटे घालण्यात पैसे आणि दिवस दोन्ही जातात. आणि टीसीची ओरिजिनल एकदा जमा केली की लगेच हातात येत नाही, आधी चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा.

मध्ये नोकरी केली किंवा यूपीएससीत वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींकडून राजपत्र मागतात, नुसत्या मॅरेज सर्टिफिकेटवर काम होईलच असं नाही, तेव्हा विभागात आधी विचारून घ्या. ही माहिती प्रवेशाच्या सूचनेतच ठळक छापायला काय हरकत आहे, कळत नाही.

फॉर्मची शेवटची तारीख म्हणजे फी भरून झाल्याची तारीख असं समजा. नुसतं सबमिट दाबलं आणि पेमेंट अडकलं तर अर्ज धरत नाहीत. पैसे कटले पण पावती आली नाही असं शेवटच्या रात्री हमखास होतं, तेव्हा दोन-तीन दिवस आधीच भरा आणि पावतीची पीडीएफ स्वतःलाच मेल करून ठेवा.