व्हिजिट : डॉक्टरांची घरभेट (बेळगाव सीमाभाग)

रुग्णाला दवाखान्यात न आणता डॉक्टरांनी त्याच्या घरी जाऊन तपासणे, याला बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सरसकट ‘व्हिजिट’ म्हणतात. ‘जरा येऊन बघून जावा की ओ’ एवढ्या निरोपावर फॅमिली डॉक्टर पेटी घेऊन निघत, हा जुना रिवाज. १९६३ साली बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले, पुढे मोठी रुग्णालये वाढली आणि तातडीचा रुग्ण तिकडे जाऊ लागला. आजची व्हिजिट मुख्यतः अंथरुणाला खिळलेल्यांसाठी असते : अर्धांगवायू झालेले, खुब्याचे हाड मोडलेले, कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातले, मुले नोकरीनिमित्त दूर असलेले म्हातारे.

व्हिजिटचे खरे मोल घर पाहण्यात आहे. औषधे दाखवा म्हटले की आजी उशाखालची प्लास्टिकची पिशवी काढून अंथरुणावर रिकामी करतात. त्यात रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी निघते. एक बेळगावच्या डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी कोल्हापूरच्या. दोन्ही रोज चालू असतात आणि चक्कर का येते हे कोणाला उमगलेले नसते. फ्रीज नसलेल्या घरात इन्सुलिन मडक्यात ठेवतात. मडके सावलीत आणि ओलसर असेल तर ही सोय चांगलीच आहे. दम्यासारखी धाप लागणाऱ्या बाईची चूल कुठे आहे, धूर कुठून बाहेर जातो, हेही तिथेच दिसते. या भागात वारकरी घरे पुष्कळ. आषाढी एकादशीला उपवास धरायचा आणि साखर कमी करणारी गोळी मात्र नेमाने घ्यायची, यातून दुपारपर्यंत साखर ७० च्या खाली जाऊन माणूस घामाघूम होतो, बरळू लागतो. म्हणून मधुमेही वारकऱ्याच्या घरी एकादशीच्या आधीच जाऊन गोळीचे ठरवून देणे शहाणपणाचे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची चादर बाजूला करून माकडहाडावरची, टाचांवरची कातडी, तिथे पडून पडून जखम होत नाही ना, हे पाहिल्याशिवाय उठू नये. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे नुसते सांगून भागत नाही. खाट भिंतीला चिकटून असेल तर सुनेला एकाच बाजूने ओढावे लागते आणि दोन दिवसांत तिची कंबर धरते. खाट हातभर पुढे ओढून घेतली की रुग्णाचे आणि सुनेचे, दोघांचेही सोपे होते.

पेटीत स्टेथोस्कोप, रक्तदाबाचे यंत्र, ऑक्सिमीटर, साखर तपासण्याचे यंत्र, टॉर्च, हातमोजे, लघवीची नळी, ग्लुकोजची आणि अ‍ॅड्रेनॅलिनची इंजेक्शने एवढे हवेच. वापरलेली सुई घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. ती न टोचणाऱ्या डब्यातून परत आणून २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सोपवायची. आणि दोन भाषा. बेळगावच्या वडगाव-शहापुरात मराठीवर निभावते, पण पुढच्याच गल्लीत कोणी कानडीत ‘एदे नोवु’ म्हणाले तर ती छातीतली कळ आहे हे डॉक्टरला तत्क्षणी कळले पाहिजे.

कारण कुठे जायचे नाही, हे या कामातले सर्वांत अवघड कसब आहे. फोनवर छातीत कळ आणि घाम ऐकला, किंवा घोणस, फुरसे चावल्याचे कळले, की व्हिजिटला निघण्यात वेळ घालवू नये. १०८ बोलवायला सांगावे आणि रुग्णालयाला आधी कळवावे. सर्पविषावरील लस घरी टोचत नाहीत. तिची घातक रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

खानापूरच्या पश्चिमेला हा सल्लाही अपुरा पडतो. कणकुंबी, जांबोटीकडे जूनपासून मुसळधार पाऊस असतो. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, आमगाव अशा गावांतून आजारी माणसाला डोलीसारखे बांधून, खांद्यावरून गाडीरस्त्यापर्यंत आणावे लागते. अशा गावांत पावसाळ्यापूर्वीच जाऊन रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांना पुरेशी औषधे देऊन ठेवणे आणि दिवस भरत आलेल्या बाईला नातेवाइकांकडे हलवायला लावणे, हे कोणत्याही तातडीच्या धावपळीपेक्षा जास्त जीव वाचवणारे काम आहे.

पैशांची बाजू घरच्यांवरच पडते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, पण ती रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. व्हिजिटची फी खिशातूनच द्यावी लागते.

शेवटची व्हिजिट बहुधा पहाटे येते. घरात माणसे जमलेली असतात, तरी घाई न करता नाडी, हृदयाचे ठोके, श्वास पुरेसा वेळ तपासावेत आणि टॉर्चने बाहुल्या पाहाव्यात. घरी झालेल्या मृत्यूचे कारण नमुना ४अ मध्ये लिहायचे असते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने हा दाखला फी न घेता द्यायचा आहे. ज्या रुग्णाला आपण कधी पाहिलेच नाही, किंवा ज्याच्या अंगावर इजा दिसते, त्याचा दाखला कितीही आग्रह झाला तरी लिहू नये, पोलिसांना कळवावे.