मृत्यूचे कारण (जुन्या गावनोंदींतील)

गावच्या जन्ममृत्यू नोंदवहीत मृताच्या नावापुढे लिहिलेला, बहुधा एकदोन शब्दांचा मजकूर. महाराष्ट्रात ही वही म्हणजे गाव नमुना नंबर १४. बोलीत ‘कोतवाल बुक’. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि कचेऱ्यांतले हे मोडी दप्तर पुन्हा उघडले. जातीच्या रकान्यासाठी नक्कल काढायला गेलेल्यांची नजर मग कारणाच्या रकान्यावर अडते. पणजोबा ‘वाताने’ गेले, आजीची बहीण ‘पान लागून’. म्हणजे नेमके कशाने?

उत्तर शोधताना तो शब्द कोणाचा, हे आधी पाहावे. घरच्यांनी सांगितले, कोतवालाने ऐकले, लिहिता येणाऱ्याने कागदावर उतरवले. या साखळीत वैद्य किंवा डॉक्टर क्वचितच असे. त्यामुळे रकान्यात असते ते रोगाचे निदान नव्हे, घरातल्यांना दिसलेले लक्षण. पुढे वरच्या कचेरीला आकडे पाठवायचे ते ठरलेल्या गटांत: पटकी (कॉलरा), देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा आणि इतर. हिवताप, विषमज्वर, क्षयाचा बारीक ताप, बाळंतिणीचा ताप, सगळे ‘ताप’ या एकाच पोत्यात जाई. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे मेली. लोकांच्या तोंडी तिचे ‘मानमोडी’ हे नाव राहिले, पण त्या पावसाळ्याच्या अखेरच्या पानांवर अनेकदा ओळीने ‘ताप’च दिसतो. म्हणून एकटी नोंद वाचू नये, पान वाचावे. एकाच महिन्यात, एकाच आळीत पाचसहा जण गेले असतील, तर त्या पानाने रोगाचे नाव अर्धे सांगितलेलेच असते.

शब्दांचे फसवेपण मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. ‘वात’ म्हटले की आजचा वाचक सांधेदुखी समजतो. पण ‘तापात वात झाला’ म्हणजे रोगी भ्रमात बरळू लागला. मागे विषमज्वर किंवा न्यूमोनिया असू शकतो. ‘दोषी ताप’ही त्याच घरातला. ‘पान लागणे’ याचा विड्याशी संबंध नाही, तो सर्पदंश. सापाचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, म्हणून ‘पान’. उलट ‘पाणी लागणे’ म्हणजे परक्या मुलखाची हवा-पाणी न मानवून आलेले दुखणे, पुष्कळदा हिवताप. बोलीत ‘पानी’, लेखणी घाईची, त्यात मोडीत शब्द सुटे नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एका वेलांटीत सापाचा हिवताप होतो. ‘देवी आल्या’, ‘आई आली’ हे देवीच्या रोगाचे आदराने घेतलेले नाव. ‘जरीमरी’ आणि ‘वाखा’ या शब्दांमागे बहुधा पटकी असते. ‘गाठीचा ताप’ १८९६ नंतरच्या पानांवर दिसला, तर प्लेगचा संशय घ्यावा; त्याच वर्षी तो मुंबईत मांडवी भागात उघडकीस आला होता. ‘काळपुळी’ने, म्हणजे चिघळलेल्या गळवाने, गेलेल्या प्रौढ माणसाच्या घरात मधुमेह असेल का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, त्याहून जास्त त्या शब्दावर लादू नये.

‘मोडशी’ची गोष्ट तर याहून लांबची. आज आपण पोट बिघडण्याला मोडशी म्हणतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, त्यात हाच शब्द पटकीसारख्या झपाट्याने मारणाऱ्या रोगासाठी येतो. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशीं’ केले आणि फ्रेंचांच्या कानाला ते चक्क ‘कुत्र्याचे मरण’ ऐकू आले. तेव्हा जुन्या वहीत ‘मोडशी’ दिसली, की मृताचे वय आणि आजूबाजूच्या नोंदी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तान्ह्या मुलांच्या नोंदी सर्वांत तुटक. बारसे झालेले नसे, म्हणून नावही नाही. नुसते ‘मुलगी, दिवस ८’. कारण ‘आकडी’ असेल, तर नाळ कापताना झालेला धनुर्वात हा पहिला तर्क. त्याची लक्षणे जन्मानंतर साधारण आठवड्याच्या सुमारास दिसतात. घरात मात्र दोष सटवीला दिला जाई.

‘विहिरीत पडून’ या शब्दांपाशी थांबावे लागते, विशेषतः मृत व्यक्ती तरुण सून असेल तर. पाय घसरला, उडी घेतली की ढकलले, हे कोतवालाची वही सांगत नाही. पोलिसांकडचा पंचनामा शिल्लक असेल तर तो बोलू शकतो. दुसरा धागा घरातच असतो आणि तो फारसा कोणी विचारात घेत नाही: श्राद्धाची तिथी. पितृपक्षातली चतुर्दशी शस्त्राने, अपघाताने, अनैसर्गिक मरण आलेल्यांची. घरच्या अंथरुणावर चतुर्दशीला गेलेल्याचा महालयही त्या दिवशी न करता बहुधा अमावास्येला करतात. तसेच अविधवा नवमीला जिचे पान वाढले जाते, ती नवऱ्याआधी गेली, हे निश्चित. वहीत ‘ताप’ आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या चतुर्दशी पाळलेली असेल, तर आधी थोरल्या आत्याला किंवा घरच्या गुरुजींना गाठावे, मग वहीकडे परत यावे.