स्मार्ट प्लग आणि होम ऑटोमेशन

भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसवायचा, ज्यात पुढे उपकरणाची पिन खोचायची आणि जो वायफाय किंवा तत्सम रेडिओवरून चालू-बंद होतो, असा जोड म्हणजे स्मार्ट प्लग. आत एक रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच), छोटा प्रोसेसर आणि रेडिओ असतो. काहींत वीज मोजणारी चिपही असते. मोबाइलवरून हाताने चालवला तर तो लांबून दाबायचे बटण ठरतो. वेळ, टाकीतली पातळी, दाराचा सेन्सर यांच्याशी त्याची सांगड घातली की त्याला होम ऑटोमेशन म्हणता येते.

बहुतेक प्लगांचे बटण सुमारे ५ सेकंद दाबून धरले की दिवा भराभर लुकलुकू लागतो, म्हणजे तो जोडून घ्यायला तयार असतो. बरेच जण इथेच अडतात. असे प्लग बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झचाच पट्टा ओळखतात आणि मोबाइल असतो ५ गिगाहर्ट्‌झवर. राउटरवर दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे देऊन मोबाइल २.४ च्या नावाला जोडला की काम होते. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या, जाड भिंतींच्या घरात आणखी एक अडचण येते : सोप्यातल्या राउटरची लहर मागच्या न्हाणीघरापर्यंत पोचत नाही. तिथे झिग्बी या वायफायहून वेगळ्या रेडिओवर चालणारे प्लग बरे पडतात, कारण एक प्लग पुढच्या प्लगाला निरोप पोचवतो. मात्र त्यांना हब, म्हणजे त्यांना घरच्या जाळ्याशी जोडणारी पेटी, लागतो.

कंपनीच्या ॲपने जोडलेला प्लग बहुधा कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतो. राजारामपुरीतल्या घरात बसून शेजारच्या खोलीतला दिवा लावला तरी हुकूम बाहेर जाऊन परत येतो, आणि इंटरनेट गेले की दिवाही हाताबाहेर जातो. म्हणून घरातल्या घरात चालणारी जोडणीच पसंत करावी. पाउलस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली होम असिस्टंट ही घरातली उपकरणे चालवणारी मुक्तस्रोत प्रणाली रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावरही चालते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या वेगवेगळ्या कंपन्यांच्या सामाईक मानकाचे प्लगही स्थानिक जाळ्यावरच बोलतात आणि एकाच वेळी एकाहून अधिक प्रणालींना जोडता येतात. प्लगाचा आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा क्रमांक) राउटरमध्ये कायम करून ठेवावा. तो बदलला की काही जोडण्या तुटतात.

भाराचा हिशेब जोडणीआधी करायचा. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचाच प्लग हवा. पिनेभोवती प्लॅस्टिक तपकिरी पडू लागले की तो प्लग लगेच काढावा.

मोटरीचे गणित वेगळे. खालच्या टाकीतले पाणी वर चढवणारी १ अश्वशक्तीची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. रिलेचे टोक त्याने चिकटते. ॲपमध्ये ‘बंद’ दिसते आणि मोटर चालूच राहते. अशा वेळी प्लगाने फक्त कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह झेलणारा दणकट स्विच) ओढायचा आणि मोटरीचा भार कॉन्टॅक्टरने सोसायचा. हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

दुसरा धोका लाईट परत येते तेव्हाचा. वीज आल्यावर चालू राहायचे, बंद राहायचे की पूर्वीच्या स्थितीत जायचे, हे बऱ्याच प्लगांत ठरवता येते. मोटर आणि इस्त्रीसाठी ‘बंद’ हाच पर्याय निवडावा. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सखल भागातला पुरवठा बंद ठेवावा लागला होता. घर सोडून गेलेल्या माणसांच्या मागे ओल्या भिंतीतला पॉइंट आपसूक सुरू होणे किती घातक, ते इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. सखल घरात प्लग जमिनीपासून उंचावर ठेवणे हाही जोडणीचाच भाग आहे.

शेवटची तपासणी मेन स्विच पाडून करतात. मोटर चालू असताना स्विच पाडायचा, मिनिटभराने उचलायचा. मोटर गप्प राहिली आणि राउटर उठल्यावर प्लग आपणहून यादीत परत दिसला, की जोडणी पुरी झाली.