क्षितिज मधोमध नकोच? असं काही नाही!
समुद्रावरच्या सूर्योदयाचा फोटो टाकला की कोणीतरी येऊन सांगतंच, क्षितिज मधोमध आलंय, रूल ऑफ थर्ड्स (फ्रेमचे तीन समान भाग करून क्षितिज वरच्या किंवा खालच्या रेषेवर ठेवायचा नियम) मोडला. अहो, 1797 मध्ये ह्या रूलचं नाव छापणारा इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ निसर्गचित्रांबद्दल बोलत होता, फोटोग्राफी तेव्हा जन्मलीही नव्हती. आता कोकणात सूर्य सह्याद्रीमागून उगवतो (आपल्या वाट्याला सनसेटच), म्हणून कोणार्कजवळचा चंद्रभागा बीच घ्या, लाट मागे सरली की ओल्या वाळूचा काही सेकंद आरसा होतो, वर केशरी तसंच खाली केशरी, तेव्हा क्षितिज बिनधास्त मध्ये ठेवा, खाली ढकललंत तर प्रतिबिंबच कापलं जातं. वाळू कोरडी आणि ढग भारी असतील तर थर्ड्स बराय. क्षितिज तिरकं मात्र नको, कॅमेऱ्यातली ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) ऑन करा.